पात्यांची पेटी

शोनाऊ,
२३ जानेवारी १९७९

बाळ सेवेरिन,

रविवारी तू ताटावरून उठलास तो थेट म्युनिकच्या गाडीत जाऊन बसलास. सूप तसंच राहिलं. मी ते सोमवारी खाल्लं, आजही खाल्लं. उरलेलं मांजरीपुढे ठेवलं तर तिनंही तोंड फिरवलं, म्हणजे तुझं काही चुकलं नाही.

गावात जो तो मला विचारतो आणि मला काहीच सांगता येत नाही. तुझ्या वडिलांची बॉब, ती मेली बर्फावरची घसरगाडी, उलटून त्यांचा पाय कायमचा लंगडा झाला, तेव्हापासून मी त्या खेळाच्या वाऱ्याला उभी राहत नाही, हे तुला ठाऊक आहे. ट्रॅकवरचा भोंगा माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. तुझं नि रूपर्टचं नाव आलं की मी कानांवर हात ठेवते आणि शंभर मोजते. शनिवारी असंच केलं आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढे होतात. रविवारी मात्र भोंग्यावर भलत्याच जोडीची नावं यायला लागली. तुमचं नाव आलंच नाही. मी तर तिसऱ्यांदा जर्मनीचे विजेते म्हणून केकही करून ठेवला होता.

बेकरीवाली म्हणते, तुमच्या बॉबखालची घसरायची पाती गरम निघाली म्हणून पंचांनी तुम्हाला बाद केलं. पाती गरम असणं हा गुन्हा कधीपासून झाला? बाहेर उणे बारा होतं. एवढ्या थंडीत एखादी वस्तू जरा उबदार असली तर बरंच की. मला नीट समजावून सांग. आणि रूपर्ट कुठे आहे? त्याची टोपी माझ्याकडे राहिली आहे आणि तो न्यायलाही आला नाही.

तुझी
झेन्झी आत्या


म्युनिक,
२ फेब्रुवारी १९७९

झेन्झी आत्या,

सूप टाकून गेलो, माफ कर.

विचारलंस म्हणून एकदा सांगतो, पुन्हा विषय काढू नकोस. पोलादी पाती उबदार असली की त्यांच्याखालचा बर्फ किंचित सुटतो आणि बॉब जास्त पळते. आमच्या खेळातली ही सगळ्यात जुनी चोरी. म्हणून पंच शर्यतीआधी नमुन्याचं एक पातं उघड्यावर टांगून ठेवतात. आपलं पातं त्याच्यापेक्षा चार अंशांपर्यंत गरम असलं तर चालतं. आमचं नऊ अंशांनी जास्त भरलं. थर्मामीटर तीनदा लावला, तीनदा तेच.

पंचांनी विचारलं, पाती कुणाच्या ताब्यात होती. मी तोंड उघडायच्या आत रूपर्ट पुढे झाला आणि म्हणाला, "मी तापवली. सेवेरिनला यातलं काही माहीत नाही." त्याला दोन वर्षांची बंदी झाली. मला काहीच नाही, फक्त शनिवारची आघाडी पुसली आणि राष्ट्रीय संघातली जागा गेली.

पाती घासायचं काम त्याचंच होतं. बारीक कागदानं तासन्‌तास घासायचा, मला हात लावू द्यायचा नाही. बारा वर्षं तो माझ्या पाठीमागे मान खाली घालून बसला. ब्रेकवाल्याला ट्रॅक दिसत नसतो आत्या, पुढचा नेईल तसं जायचं. मी नेहमी म्हणायचो, केवढा विश्वास लागतो याला. आता कळलं, विश्वास मी टाकत होतो.

त्याची टोपी टाकून दे.

सेवेरिन


शोनाऊ,
११ फेब्रुवारी १९७९

बाळ सेवेरिन,

तुझं पत्र आलं. शेगडीलगतच्या बाकावर बसून वाचायला घेतलं होतं, मग उठून खिडकीशी गेले आणि उभ्यानंच पुरं केलं.

इकडे बर्फ फार आहे. शेजारच्या आल्फॉन्सनं छपरावरचा बर्फ काढून दिला, त्याला जेवू घातलं. माझा गुडघा दुखतो. मांजरीला पिल्लं होणार असं दिसतं.

माणूस कबूल करतो ते त्यानं केलेलंच असतं असं नाही. हे मी आपलं म्हणून म्हणते. रूपर्टला मी तो एवढासा होता तेव्हापासून ओळखते. माझ्या ताटातला लाडूसुद्धा तो विचारल्याशिवाय उचलत नाही. जरा थांब, बारा वर्षं अशी फेकून देऊ नकोस.

यापेक्षा जास्त आज लिहवत नाही. टोपी मी टाकलेली नाही.

आत्या


म्युनिक,
९ डिसेंबर १९७९

झेन्झी आत्या,

उन्हाळाभर तुझं एकही धड पत्र नाही. मांजर, गुडघा, लाकडं, बस्स. तब्येत खरोखर बरी आहे ना?

माझं ऐक. नवा ब्रेकवाला घेतला, एक गोळाफेक करणारा दांडगट. ताकद त्याच्याकडे रूपर्टच्या दुप्पट आहे. पण गाडी ढकलून उडी मारताना तो अर्धं पाऊल चुकतो, आणि वळणावर त्याचं अंग माझ्याबरोबर कलत नाही. रूपर्टला कधी सांगावं लागलं नाही. मान खाली घालून तो वळणं मोजायचा आणि मी वळायच्या आधीच वळलेला असायचा. मागच्या रविवारी आम्ही अकरावे आलो. त्याआधी नववे.

खरं सांगू? हरल्याचं एवढं वाईट वाटत नाही. वर सुरुवातीच्या रेघेशी उभा असतो तेव्हा हात थरथरतात, ते वाईट. पूर्वी असं कधी व्हायचं नाही. मागे कोण बसलाय हे माहीत नसेल तर पुढे बघता येत नाही.

हा हिवाळा संपला की बॉब विकून टाकणार. छपरं शाकारायचं काम मला येतं, तेवढं पोटाला पुष्कळ. कुणाला सांगू नकोस अजून.

सेवेरिन


कुल्मबाख,
१६ डिसेंबर १९७९

झेन्झी आत्या,

तुमचं सातवं पार्सल पोचलं. सुक्या नाशपातींचा ब्रेड सगळ्या गोदामानं मिळून संपवला. मोजे मात्र आता इतके झालेत की पाय कमी पडतात. तुम्ही माझ्यासाठी एवढं का करताय हे मला कळत नाही. खरं तर मी तुमच्या भाच्याचा गुन्हेगार.

बिअरची पिंपं गाडीत चढवायचं काम बरं आहे. पाठ शाबूत राहते. शनिवारी मुलांना धावायला शिकवतो.

तुम्ही पत्रात पुन्हा विचारलंत, "खरं सांग रूपर्ट, तू तसं का म्हणालास?" वर्षभर टाळलं. आता सांगतो, पण सेवेरिनच्या कानावर जाऊ देऊ नका.

पाती मी तापवली नाहीत. शनिवारी संध्याकाळी पेटी तुमच्या थंड पडवीत ठेवली. रविवारी बर्फ ढकलणाऱ्या गाडीमागे आम्ही पाऊण तास अडकलो. वर पोचलो तेव्हा पाती बसवायला वीसच मिनिटं उरली होती. सेवेरिन ट्रॅक बघायला गेला. मी पेटीवरची घोंगडी सोडली तर तिला सुक्या नाशपातींचा वास. तो तुमच्या शेगडीच्या बाकाशिवाय जगात कुठे येत नाही. हातमोजा काढून बोट लावलं. उणे बारात पोलाद बोटाला चिकटतं. हे चिकटलं नाही.

आदल्या आठवड्यात आम्ही एका शतांश सेकंदानं हरलो होतो. तेव्हा गाडीत सेवेरिन म्हणाला होता, पुढच्या वेळी पाती आत्याच्या शेगडीवरच ठेवतो. आम्ही दोघंही हसलो होतो. पण त्या सकाळी मला ते हसणं आठवलं. वाटलं, यानं खरंच केलं. तेव्हाच जाऊन त्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, गुमान पाती बसवली. वाटलं, कदाचित निभावून जाईल. ती माझी चूक, आणि ती मी फेडतोय.

पंचांनी विचारलं तेव्हा एवढंच सुचलं की चालकावर बंदी आली तर सगळं संपेल. ब्रेकवाले काय, पुष्कळ मिळतात.

तुम्ही त्याच्यावर रागावू नका. मी केव्हाच माफ केलंय.

तुमचा
रूपर्ट


शोनाऊ,
२० डिसेंबर १९७९

सेवेरिन,

पाती मी तापवली.

आधी हे वाक्य लिहून टाकलं, म्हणजे मागे फिरायला नको. दहा महिने मी हे पत्र लिहितेय आणि दर वेळी गुडघ्यावर येऊन थांबतेय.

त्या शनिवारी तुम्ही दोघं वर झोपायला गेलात आणि मी दाराला कडी लावायला पडवीत गेले. पेटीच्या लोखंडी कोपऱ्यांवर पांढरं दव धरलं होतं. मला आमचे हे, तुझे काका, आठवले. ते रानातून आले की आधी करवतीचं पातं कोरडं करून, घोंगडीत गुंडाळून शेगडीच्या बाकावर ठेवायचे, मग स्वतःचे बूट काढायचे. म्हणायचे, पोलादाला ओल म्हणजे माणसाला क्षय. माझ्या मनात आलं, पोरांची दोन दिवसांची मेहनत आणि पाती अशी गंजत पडली आहेत. पेटी मला उचलवेना. चिंध्यांच्या सतरंजीवर घेऊन ओढत नेली, जाड घोंगडीत गुंडाळली आणि बाकावर ढकलली. शेगडीत दोन ओंडके जास्तीचे घातले. सकाळी तुम्ही उठायच्या आत घोंगडीसकट पुन्हा पडवीत. तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही. वाटलं होतं, जिंकल्यावर केक कापताना सांगेन.

मी कधी ट्रॅकवर आलेच नाही रे. आले असते तर ते टांगलेलं पातं पाहिलं असतं, कुणाला तरी विचारलं असतं. या गावात शेंबड्या पोरालाही जे माहीत, ते मला माहीत नाही. भीतीपायी मी माझ्या घरातल्या माणसाचं कामच कधी पाहिलं नाही.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं त्याच दिवशी मला सगळं कळलं. तेव्हाच बोलायचं. पण वाटलं, सेवेरिन पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही. आईबाप गेल्यावर तू माझ्याकडे आलास तो नऊ वर्षांचा. माझ्याकडे दुसरं कोण आहे? रूपर्ट तरुण आहे, दोन वर्षं काय, जातील, अशी मी मनाची समजूत घातली. त्याला मोजे पाठवत राहिले. मोज्यांनी पाप झाकतं का?

आता सोबतचं रूपर्टचं पत्र वाच. तुला कळू देऊ नका म्हणाला होता. मी कळू देतेय. त्याला वाटतं, पाती तू तापवलीस, आणि तुझ्यासाठी त्यानं ते स्वतःवर घेतलं. वर तुला माफही केलंय.

बॉबच्या संघटनेलाही मी आजच पत्र टाकलं आहे, सतरंजीसकट सगळं लिहून. नाताळला तू येशील की नाही माहीत नाही. आला नाहीस तरी मला समजेल.

आत्या


म्युनिक,
२ जानेवारी १९८०

आत्या, माझी वेडी आत्या,

नाताळला आलो नाही कारण मी कुल्मबाखला होतो. तार केली होती, पण आल्फॉन्स फोनवर म्हणाला, तू ती दोन दिवस न उघडता फडताळात ठेवलीस. आता हे पत्र तरी उघड. यात काही वाईट नाही.

तुझं पत्र मी छपरावर बसून वाचलं. रागावलो का? पहिली पाच मिनिटं. मग रूपर्टचं वाचलं आणि माझ्या छातीवरून कुणीतरी दगड उचलावा तसं झालं. त्यानं मला फसवलं नव्हतं. तेवढं एकच मला वर्षभर हवं होतं, आत्या. पदक नको होतं, हेच हवं होतं.

तडक गाडी काढली. तो गोदामाच्या दाराशी पिंप लोटत होता. मला पाहून पिंप सोडलं, ते गडगडत थेट रस्त्यापर्यंत गेलं. मी म्हटलं, "पाती मी तापवली नव्हती." तो म्हणाला, "मीही नव्हती." मग मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. तो वाचत गेला तसा खाली दुसऱ्या पिंपावर बसला. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी वर्षभर माफ कुणाला करत होतो?"

त्यावर मला जे हसू फुटलं ते आवरेना. तोही हसला, मग दोघंही रडलो, मग मुकादमानं येऊन रस्त्यावरच्या पिंपाचं विचारलं.

तो म्हणतो, चूक त्याची, बोट लावून कळलं तरी बोलला नाही. मी म्हणतो माझी, नको तो विनोद केला आणि पुढे त्याला एकदाही समोरासमोर विचारलं नाही. तू म्हणतेस तुझी. तिघांत वाटून घेऊ. तुझा वाटा सगळ्यात लहान, कारण तू निदान काहीतरी चांगलं करायला गेली होतीस.

संघटनेचं उत्तर आलं. निकाल बदलणार नाही, गरम ते गरमच. पण रूपर्टची बंदी उठवली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं खाली स्वतःच्या हातानं लिहिलंय की चाळीस वर्षांत पाती तापवायच्या नाना तऱ्हा पाहिल्या, प्रेमानं तापवलेली पहिलीच.

बॉब विकत नाही. आणि मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही असं तुला वाटलंच कसं? एवढ्यासाठी मात्र मी खरोखर रागावलोय.

तुझा
सेवेरिन

ता. क. – रूपर्ट टोपीचं विचारतोय.


म्युनिक,
२८ डिसेंबर १९८०

झेन्झी आत्या,

वर्षभर पुन्हा एकमेकांच्या पावलाशी पाऊल जुळवण्यात गेलं. पस्तिशीतल्या दोन घोड्यांना वेळ लागायचाच. पण जमलंय. हात थरथरत नाहीत.

सतरा जानेवारीला जर्मन स्पर्धा पुन्हा आपल्याकडेच आहे. आम्ही दोघं तुझ्याकडे उतरणार. पण आम्हाला यायला उशीर होईल, म्हणून पात्यांची पेटी आधी रेल्वेनं पाठवतो. संघातले सगळे म्हणाले, ती क्लबात ठेव. रूपर्ट म्हणाला, "पेटी झेन्झी आत्यांकडे जाईल, नाहीतर मी ढकलणार नाही." माझंही तेच मत आहे.

स्टेशनातून उतरवून घे.

सेवेरिन


शोनाऊ,
२१ जानेवारी १९८१

माझ्या दोन्ही बाळांनो,

तुम्ही स्वित्झर्लंडच्या शर्यतीला निघालात आणि घर एकदम सुनं झालं, म्हणून बसल्या बसल्या लिहितेय. सेवेरिन, रूपर्टलाही वाचून दाखव, त्याला माझं अक्षर चटकन लागत नाही म्हणे.

आधी शेगडीबद्दल. तुम्ही दोघं थंडीनं कुडकुडत बसलात तरी ती विझलेलीच होती याबद्दल मी माफी मागणार नाही. पेटी सरपणाच्या खोलीत होती, मध्ये दोन भिंती होत्या, हे मला कळतं. तरी माझा माझ्यावर भरवसा नव्हता. पेटी आल्यापासून एकोणीस दिवस मी शेगडी पेटवली नाही. आल्फॉन्सकडे जाऊन जेवत होते. गावाला वाटतंय, आमचं काहीतरी जमलंय. वाटू दे.

आणि पंचांनी थर्मामीटर लावला तेव्हा तुमची पाती नमुन्यापेक्षाही अर्धा अंश गार निघाली की नाही?

मी तिथेच उभी होते. तुम्हाला दिसले नसेन, रूपर्टची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली होती. तुमचं नाव आलं तेव्हा हात आपोआप कानांकडे गेले, पण मी ते खिशात कोंबले आणि डोळे उघडे ठेवले. तुम्ही दोघं धावलात, उडी मारलीत आणि वळणाआड गेलात. रूपर्टची मान खाली जाताना मी पाहिली. मला वाटलं, अरे, हाही माझ्यासारखाच, काही न बघता जातो. फक्त तो बरोबर जातो आणि मी घरी बसत होते.

मी शंभर मोजायला लागले. पन्नासाला तुम्ही खाली पोचला होतात. सेवेरिन, तू कधी सांगितलं नाहीस की याला पन्नासच लागतात. इतकी वर्षं मी शंभर मोजत आले. निम्मी भीती फुकटच भोगली.

भोंग्यावर तुम्ही जर्मनीचे विजेते असं म्हणाले तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, तुमचं कोणी आहे का यात. मी म्हटलं, दोघंही माझेच. आणि मग तिथेच, सगळ्यांदेखत, मला रडू आलं. दोन वर्षांचं साठलेलं होतं. त्या बाईनं मला गरम वाइन आणून दिली, नंतर आणखी एक. उतार मी आल्फॉन्सच्या दंडाला धरून उतरले.

आज सकाळी शेगडी पेटवली. मांजर लगेच बाकावर येऊन पसरली, नाशपातीच्या फोडी वर वाळत घातल्या आहेत, घराला पुन्हा घराचा वास आलाय. तुमचं पदक तुम्ही माझ्याकडे ठेवून गेलात. बरीच जागा शोधली. शेवटी शेगडीच्या वरच्या खिळ्याला टांगलंय, तिथे ते येता जाता दिसतं.

ते तापलं तर चालतं ना? तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची
झेन्झी आत्या